रोव्हरच्या उपकरणांची मैदानी चाचणी : या चुका टाळा

मंगळावर किंवा चंद्रावर जाणाऱ्या रोव्हरची उपकरणं आधी पृथ्वीवरच्या मिळत्याजुळत्या जागी तपासतात. चिलीतलं अटाकामा वाळवंट मंगळासारखं कोरडं आहे. स्पेनमधल्या रिओ टिंटोत मंगळावर सापडलेलं जॅरोसाइट हे खनिज आहे, तर आपल्या लोणारला उल्का आदळून थेट बेसाल्टमध्ये पडलेलं विवर. पण मंगळाची हवा, थंडी आणि गुरुत्वाकर्षण हे सगळं एकत्र पृथ्वीवर कुठेच मिळत नाही. त्यामुळे आधी जागा पक्की करून मग तिथे काय तपासायचं ते ठरवू नका. एकेका उपकरणाचा प्रश्न लिहून काढा आणि जागा त्यावरून निवडा.

हवेला विसरणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मंगळावर हवेचा दाब सहा-सात मिलिबार, आपल्याकडे समुद्रसपाटीला हजारावर. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवर होता तसा एपीएक्सएस घ्या, म्हणजे अल्फा कण आणि क्ष-किरण मारून दगडातली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण. त्याच्या क्युरियम स्रोतातले अल्फा कण आपल्या हवेत चारेक सेंटिमीटरमध्येच थांबतात. सोडियम, मॅग्नेशियम या हलक्या मूलद्रव्यांचे क्षीण क्ष-किरणही डिटेक्टर गाठण्याआधीच शोषले जातात. विद्यार्थी वापरतात त्या हातातल्या एक्सआरएफ यंत्राचंही (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) तेच. आलेखात लोहाचं शिखर ठसठशीत आणि मॅग्नेशियम जवळजवळ गायब, असं दिसलं तर लगेच यंत्र खोलू नका. दगड आणि डिटेक्टरमधलं अंतर कमी करा, मधल्या जागेत हेलियम सोडा आणि पुन्हा मोजा. शिखर वर आलं तर दोष हवेचा, यंत्राचा नाही.

लेझरने दगडावर प्लाझ्मा (तापून चमकणारा वायू) पेटवून त्याच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या लिब्स उपकरणाची गोष्ट आणखी नाजूक आहे. आपल्या दाट हवेत प्लाझ्मा आखडतो आणि वर्णपटातल्या रेषा रुंदावतात. मंगळाच्या विरळ हवेत तो फुलतो, तर चंद्रावरच्या निर्वातात चटकन विरून जातो. मैदानात केलेलं कॅलिब्रेशन तिकडे जसंच्या तसं चालणार नाही. त्यात 656 नॅनोमीटरला हायड्रोजनची रेषा दिसली की 'दगडात पाणी सापडलं' असं लिहून टाकायचा मोह होतो. पण दमट हवेतली वाफही तीच रेषा देते. म्हणून त्याच दगडाचा तुकडा बंद चेंबरमध्ये, मंगळावरच्यासारख्या सात मिलिबार कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून वर्णपट घ्या. शेजारी पाण्याचा अंश नसलेला नमुनाही तपासा.

वरच्या पापुद्र्यालाच दगड मानणं

सह्याद्रीतल्या बेसाल्टवर पावसाने झिजलेला तांबूस थर असतो, त्यावर शेवाळ आणि दगडफूल. लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिजं ओळखणाऱ्या रामन यंत्राला सजीवांच्या या थरातून इतकी प्रतिदीप्ती (लेझर पडल्यावर थराने स्वतः दिलेला प्रकाश) मिळते की खनिजांच्या रेषा तिच्यात बुडून जातात. हातोड्याने ताजा भाग उघडा आणि जुना-नवा दोन्ही मोजा. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचं लिब्स उपकरण केमकॅम एकाच बिंदूवर साधारण 30 वेळा लेझर मारतं आणि पहिले पाचेक शॉट धुळीचे म्हणून हिशेबात धरले जात नाहीत. ती सवय लावून घ्या.

जमिनीत पाहणारा रडार असेल तर पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नका. ओल्या मातीत, त्यातही चिकणमातीत, लहरी लवकर विरतात आणि यंत्राची खरी खोली कळतच नाही.

काही सापडलं नाही, म्हणजे तिथे काही नाही

2023 मध्ये अटाकामातल्या 'रेड स्टोन' भागावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मंगळावर गेलेल्या किंवा जाणार असलेल्या उपकरणांसारखी यंत्रं तिथल्या सूक्ष्मजीवांच्या खुणा जेमतेम टिपू शकली. त्यामुळे 'काही नाही' हे उत्तर प्रयोगशाळेत त्याच नमुन्यावर पडताळल्याशिवाय मांडू नका. उलट बाजूही सांभाळा. सनस्क्रीन, हातमोजे, इंजिनाचं तेल यांतूनही सेंद्रिय रेणू येतात. नमुन्याइतकाच काळजीने हाताळलेला कोरा नमुना (ज्यात सेंद्रिय काही नाही हे आधीच माहीत आहे असा) हवाच.

दगड बघून आदेश देणं

2019 मध्ये एक्सोफिट नावाच्या रोव्हर चाचणीत रोव्हर अटाकामात होता आणि आदेश देणारी टीम 11,000 किलोमीटरवर, इंग्लंडमधल्या हारवेलला. त्यांना फक्त रोव्हरने पाठवलेला डेटा दिसत होता. तुमचीही निदान अर्धी टीम बंद खोलीत बसवा. जीपीएसच्या नोंदी त्यांना दाखवू नका, नंतर ताडून बघायला ठेवा.

लोणार अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रोव्हर उतरवू नका, दगड उचलू नका. विवर हा तुमचा प्रश्नच नसेल, नुसता ताजा बेसाल्ट हवा असेल, तर मालकाला विचारून जवळच्या दगडखाणीत जा.