अमेरिकी गॅलन, कप आणि औंस यांचे लिटर-मिलिलिटरमध्ये रूपांतर कसे करावे

आकडेमोड सुरू करण्यापूर्वी समोर आलेले माप नेमके कोणते आहे, हे निश्चित करावे. कारण या विषयातल्या बहुतेक चुका गुणाकारात नव्हे, तर माप ओळखण्यात होतात. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा असतो, तर ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. अमेरिकेने इंग्लंडमधला मद्य मोजण्याचा जुना, 231 घनइंचांचा गॅलन कायम ठेवला आणि ब्रिटनने 1824 साली नवा, मोठा गॅलन स्वीकारला, त्यामुळे एकाच नावाची दोन मापे आजही वापरात आहेत. पाइंटचेही तसेच आहे: अमेरिकी पाइंट 473 मिलिलिटरचा, ब्रिटिश 568 मिलिलिटरचा. म्हणून मजकूर कोणत्या देशातला आहे, हे आधी पाहावे.

त्यानंतर औंस वजनाचा आहे की आकारमानाचा, हे तपासावे. वजनाचा औंस 28.35 ग्रॅमचा असतो. द्रव मोजण्याचा अमेरिकी फ्लुइड औंस 29.57 मिलिलिटरचा असतो. पाण्याच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही, मात्र मध किंवा तेल मोजताना दोन्ही औंस एकच समजल्यास हिशेब चुकतो.

आता गुणक. अमेरिकी मापांची उतरंड लक्षात ठेवली की सगळी कोष्टके पाठ करावी लागत नाहीत: एका गॅलनमध्ये 4 क्वार्ट, क्वार्टमध्ये 2 पाइंट, पाइंटमध्ये 2 कप, कपात 8 फ्लुइड औंस, औंसात 2 टेबलस्पून आणि टेबलस्पूनमध्ये 3 टीस्पून. त्यामुळे 3.785 हा एकच आकडा माहीत असला तरी पुरते. त्याला 4 ने भागले की क्वार्ट 0.946 लिटर येतो, म्हणजे लिटरपेक्षा किंचित कमी. आणि 16 ने भागले की कप सुमारे 237 मिलिलिटर येतो.

मोठ्या मापाकडून लिटरकडे येताना गुणावे, लिटरकडून गॅलनकडे जाताना भागावे. अमेरिकी घरातला 50 गॅलनचा गीझर 50 × 3.785 म्हणजे सुमारे 189 लिटरचा भरतो. गॅलन म्हणजे ढोबळमानाने चार लिटर असे धरले, तर हेच उत्तर 200 लिटर येईल. उलट दिशेने, आपल्याकडच्या कार्यालयांत ठेवतात तो 20 लिटरचा पाण्याचा जार 20 ÷ 3.785, म्हणजे 5.28 गॅलनचा होतो. आकडे सर्वांत शेवटी पूर्णांकात आणावेत, मधल्या टप्प्यावर नव्हे.

उत्तर पडताळण्यासाठी अमेरिकी लेबलांइतके सोपे साधन नाही, कारण तेथील बहुतेक बाटल्यांवर दोन्ही मापे छापलेली असतात. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर 16.9 फ्लुइड औंस आणि शीतपेयाच्या 12 औंसांच्या डब्यावर 355 मिलिलिटर असे लिहिलेले आढळते. पोषणमूल्यांच्या तक्त्यात मात्र कप 240 मिलिलिटरचा आणि टेबलस्पून 15 मिलिलिटरचा धरतात. ती केवळ सोयीसाठी केलेली तडजोड आहे.

स्वयंपाकात सगळे घटक कपातच दिले असतील, तर रूपांतराच्या भानगडीत पडूच नये. घरातली एकच वाटी सर्वांसाठी वापरली तरी प्रमाण तेच राहते. अंडी किंवा ठरावीक आकाराचे केकचे भांडे आले की मात्र मोजावे लागते. दीड कप दूध म्हणजे 355 मिलिलिटर, हे सरळ आहे. एक कप मैद्याचे वजन मात्र 237 ग्रॅम भरत नाही. मैदा हलक्या हाताने भरल्यास ते साधारण 120 ते 130 ग्रॅम असते. कपाचे ग्रॅम करताना त्या-त्या पदार्थाचा वेगळा आकडा घ्यावा लागतो.

गाडीच्या मायलेजचे रूपांतर करताना मैल आणि गॅलन ही दोन्ही मापे बदलतात, म्हणून 1.609 ला 3.785 ने भागून आलेला 0.425 हा गुणक वापरावा. गॅलनला 25 मैल धावणारी अमेरिकी गाडी लिटरला सुमारे 10.6 किलोमीटर धावते. माहिती ब्रिटिश मासिकातली असेल, तर गुणक 0.354 घ्यावा.