झिगबीचे दिवे मधूनच ऐकेनासे होतात तेव्हा बिघाड कसा शोधावा

झिगबीचे, म्हणजे वायफायऐवजी स्वतःच्या बिनतारी जाळ्यावर चालणारे स्मार्ट दिवे अधूनमधून ॲपला दाद देत नाहीत आणि तासाभराने आपोआप ताळ्यावर येतात, तेव्हा 'सगळं रीसेट करून पुन्हा जोडा' हा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. रीसेटने खोल्या आणि वेळापत्रकं पुसली जातात, कारण मात्र जागच्या जागी राहतं.

दोन-तीन दिवस फक्त लिहून ठेवा: किती वाजता, कोणता दिवा, त्याच्याबरोबर आणखी काय गेलं. सगळं घर एकदम गेलं तर हब (ॲप आणि दिवे यांना जोडणारं यंत्र) किंवा त्याचा अडॅप्टर तपासा. एकच दिवा जात असेल तर एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा आणि बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू आवळा. करपल्याचा वास येत असेल तर स्वतः हात घालू नका, वायरमनला बोलवा.

लांबची एखादी खोलीच जात असेल तर मात्र नीट लक्ष द्या. झिगबीत प्रत्येक दिवा थेट हबशी बोलत नाही, वाटेतला बल्ब त्याचा निरोप पोचवतो. पॅसेजमधला असा बल्ब कुणी भिंतीवरच्या बटणाने बंद केला की मागची बेडरूम मुकी होते. जाळं दुसरी वाट शोधतं, पण वेळ लागतो. बॅटरीवरचे काही सेन्सर तर त्याच मेलेल्या बल्बला तासन्‌तास धरून बसतात.

खात्री करायला 24 तास भिंतीवरची सगळी बटणं चालू ठेवा, त्यांवर चिकटपट्टी लावा आणि दिवे फक्त ॲपवरून चालवा. बिघाड आलाच नाही, तर संशयित बल्ब बटणाने बंद करून अर्धा तास थांबा आणि मग लांबचा दिवा लावून पाहा. पाच मिनिटांत निष्कर्ष काढाल तर फसाल.

उपाय एकच पक्का: हब आणि त्या खोलीच्या मध्ये, कधीच बंद न होणाऱ्या सॉकेटमध्ये झिगबीचा स्मार्ट प्लग लावा, निरोप पुढे पोचवायचं काम तो करेल. बटणामागे बसवायचे, न्यूट्रल वायरशिवाय चालणारे स्विच मॉड्यूल सहसा निरोप पुढे पाठवत नाहीत. दुकानदार काहीही म्हणो, त्यांच्या भरवशावर राहू नका.

त्रास फक्त संध्याकाळी, घरातले सगळे वायफायवर असतानाच होत असेल तर वायफायच्या लहरी झिगबीला अडथळा करत असाव्यात; वायफाय चॅनेल 1 वर, रुंदी 20 मेगाहर्ट्झ आणि झिगबी चॅनेल 25 ठेवा. हब राउटरपासून किमान मीटरभर लांब हवा. हब म्हणून यूएसबी डोंगल वापरत असाल तर ते यूएसबी 3 पोर्टला थेट खोचू नका, मीटरभराची एक्स्टेन्शन केबल लावा. चॅनेल बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात, म्हणून हे बटणांच्या चाचणीनंतरच करा.

लाइट पाच-सहा वेळा पटापट आली-गेली तर काही बल्ब त्यालाच रीसेटची आज्ञा समजतात. असा बल्ब ॲपमधून गळतो, तेवढाच पुन्हा जोडा. लाइट आल्यावर मध्यरात्री सगळे दिवे लागत असतील तर ॲपमध्ये 'पॉवर-ऑन' सेटिंग 'आधीची स्थिती' असं करा.