कापशी ओळखताना रंग शेवटी बघा

पुस्तकातली कापशी घार मोठी झोकात दिसते. पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. माळावर मात्र ती नेमकी उन्हाच्या बाजूला तारेवर बसलेली असते आणि नखशिखांत काळी दिसते. पहिली दोन वर्षं अशा काळ्या आकृत्या मी वहीत 'बहुधा खरुची' (केस्ट्रेल, एक छोटा ससाणा) म्हणून खपवल्या. तेव्हा आधी हालचाल बघा.

बसलेली असेल तर नजर शेपटीवर ठेवा. कापशी शेपूट सावकाश वर उचलते, खाली आणते, जरा थांबते, परत उचलते. हे दिसलं की निम्मं काम झालं. कावळ्यापेक्षा लहान चण, घुबडासारखं थोराड डोकं, आणि मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्याही पुढे गेलेली.

खरा घोटाळा हवेत होतो. कापशी एका जागी फडफडत थांबते. खरुचीही तेच करते. पण खरुचीची शेपटी लांब असते आणि थांबताना पंख्यासारखी उघडते. कापशीची आखूड. एवढं करूनही शंका उरली तर ती खाली उतरेपर्यंत दुर्बीण हलवू नका. पंख वर उचलून 'व्ही' करायचा, पाय लोंबते सोडायचे आणि जिना उतरल्यासारखं थांबत थांबत खाली यायचं, ही कापशीची खास लकब.

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. लाल डोळे दिसले नाहीत म्हणून हिरमुसू नका, पिल्लांचे तसे नसतात. त्यांच्या छातीवर तांबूस झाक आणि पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात. काटक्यांचं विरळ घरटं दिसलं तर फोटोचा मोह सोडून मागे फिरा.

तिची बसायची जागा बरेचदा ठरलेली असते. ती उडाली की त्या खांबाखाली शोधा. न पचलेलं भक्ष्य ती ओकून टाकते, त्याचे राखाडी गोळे सापडतात. हातमोजे घालून मी एक पाण्यात भिजवला आणि टाचणीने उकलला. आत उंदराच्या केसांचा लगदा होता आणि करंगळीच्या नखाएवढा जबडा, पुढचा नारिंगी दात अजून जागेवर.