'त्याचा स्वभावच तसा' म्हणण्याआधी नात्यांतल्या या चुका टाळा

दादरच्या पुलावर कुणी धक्का देऊन पुढे गेलं की माणूस उद्धट ठरतो. आपला धक्का कुणाला लागला, तर मागून रेटा आलेला असतो! दुसऱ्याच्या वागण्यात स्वभावाचा वाटा जास्त आणि परिस्थितीचा कमी धरण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत आरोपण दोष' असं नाव दिलं. माझ्या मते घरातली निम्मी कटुता इथूनच येते.

परिस्थितीचा जोर किती असतो? १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातल्या ६३ टक्के जणांनी मदत केली. 'उशीर झालाय' असं सांगून पाठवलेल्यांपैकी फक्त १० टक्के जणांनी. आणि आपलं सगळं शहरच घाईत.

रात्री नऊला नवरा विरार फास्टमधून लोंबकळत घरी येतो. चपला काढतोय तोवर प्रश्न येतो, "लाइटबिल भरलंस का?" तो खेकसतो, "भरतो ना, आत तरी येऊ दे!" लगेच निकाल लागतो: याला घराची फिकीरच नाही. तिचीही दिवसभर पायपीट झालेली असते, हे त्याच्या गावी नसतं. निकाल देण्याआधी एवढं बघा: रविवारी, झोप नीट झाल्यावरही तो असाच बोलतो का? बाहेरच्यांशी गोड आणि घरातच असा वागतो का? तसं असेल तर थकव्याकडे बोट दाखवून भागणार नाही, स्पष्ट बोलायलाच हवं. मारहाण किंवा धाक असेल तर समजून घेत बसू नका. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

'सांगायला कशाला हवं, कळायला नको का?' ही दुसरी चूक. नाही कळत. वीस वर्षांच्या संसारातही नाही. सांगा.

तिसरी, भांडण तापलेलं असतानाच त्याचा सोक्षमोक्ष लावणं. छाती धडधडत असताना समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. जोडप्यांवर संशोधन करणारे जॉन गॉटमन अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबायला सांगतात. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठली? गॅलरीत उभे राहा, खाली एक चक्कर मारा. पण न सांगता दार आपटून जाऊ नका. "वीस मिनिटांत येते, मग बोलू," एवढं सांगून जा. आणि बाहेर पडल्यावर मनात पुढची उत्तरं जुळवत बसू नका, नाहीतर राग तसाच घेऊन वर याल.