बकुळीच्या फुलापासून कानातल्यापर्यंत

दागिन्याचं डिझाइन शिकायला बसलं की 'सुचतच नाही' इथेच पहिली गाडी अडते. मग मोबाइलवर शेकडो फोटो पाहायचे आणि त्यातलंच एखादं जरा फिरवून काढायचं. आपले जुने दागिने तसे घडलेले नाहीत. बोरमाळ, जवमणी, पोहेहार, बकुळहार ही नावंच सांगतात की नजर परसात आणि स्वयंपाकघरात होती. म्हणून एकच वस्तू घ्या आणि आठवडाभर तिच्याच मागे लागा.

बकुळीची खाली पडलेली पाच-सहा फुलं उचला. भिंगाखाली धरलंत तर दोन डझनांच्या आसपास अरुंद, टोकदार पाकळ्या दिसतील. बाहेरच्या पसरलेल्या, आतल्या उभ्या, आणि मधे आरपार भोक. म्हणूनच हे फूल सुईशिवाय ओवता येतं. समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन चित्रं काढा. बाजूचं चित्र बहुतेक जण गाळतात, आणि मग दागिना बिस्किटासारखा सपाट होतो.

आता खऱ्या मापात काढा. फूल १४ मिमीचं, मधलं वर्तुळ ५ मिमीचं. त्या वर्तुळाचा परीघ साधारण १५.७ मिमी. २४ पाकळ्या ठेवल्या तर प्रत्येकीच्या बुडाला ०.६५ मिमी येतात, त्यातले ०.३ मिमी करवतीच्या पात्यातच जातात. उरलेली पाकळी बोट लागताच वाकते. १२ ठेवा, म्हणजे बुडाला १ मिमी धातू राहतो. गाळलेल्या पाकळ्यांचा भरगच्चपणा ८ पाकळ्यांचा १० मिमीचा दुसरा थर वर बसवून परत आणता येतो.

आधी कार्डशीट, मग पितळ, शेवटी चांदी. पत्रा ०.६ मिमी, पातं २/० नंबरचं. पितळी पाकळी पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होऊन तडकते, म्हणून मधे एकदा मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करा. टोकं कानशीने गोल करा, नाहीतर केसात आणि पदरात अडकतात.

वजन कागदावरच काढा: क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले घनता. दागिन्याच्या चांदीची घनता सुमारे १०.४ ग्रॅम प्रति घन सेंमी, त्यामुळे दोन्ही थर आणि दांडी (कानाच्या भोकातून जाणारी तार) मिळून फिरकी सोडून एक कानातलं दीड ग्रॅमच्या आत बसतं. हेच २२ कॅरेट सोन्यात केलं तर वजन सुमारे १.७ पट. गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी हा हिशोब हवाच.

थर जोडताना उशिरा वितळणारा डाख (धातूचे तुकडे सांधणारा मिश्रधातू) वापरा, दांडीला लवकर वितळणारा. उलटं केलंत तर दांडी लावताना थर सुटतात. दांडी ०.९ मिमी तारेची, पण फुलाच्या बरोबर मध्यावर नको. २ मिमी वर लावा. मध्यावर लावलेलं फूल कानात पुढे झुकून जमिनीकडे बघतं, ही चूक फारच दिसते. डाख देताना तार नरम पडते, म्हणून नंतर दांडी पक्कडीत धरून हलकेच अर्धा वेढा पिळा, ती पुन्हा ताठ होते. पिळताना तुटली तर डाख नीट भिनला नव्हता. ते तिथेच कळलेलं बरं.

पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे वही घेऊन पाहा. अडकित्त्याच्या मुठीचं वळण अंगठीच्या खांद्याला (खड्याच्या दोन्ही बाजूंच्या भागाला) छान जातं. मात्र अंगठीला पत्रा जाड लागतो, ०.६ मिमी तिथे टिकत नाही.