काडेपेटी आणि औषधांवरचे जुने अमेरिकन टॅक्स स्टॅम्प कसे जमवायचे

या नादात पडायचं असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा, की हे स्टॅम्प फाटण्यासाठीच बनवले होते. पोस्टाच्या तिकिटांसारखे स्वच्छ, चारही कडा शाबूत असलेले पीस शोधत बसलात तर अल्बम रिकामाच राहील.

झालं असं की अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, सरकारला पैसा कमी पडायला लागला, मग १८६२ च्या कायद्याने पेटंट औषधं (म्हणजे कंपनीच्या नावाने विकली जाणारी तयार औषधं), अत्तरं, पत्त्यांचे कॅट अशा मालावर टॅक्स बसवला आणि १८६४ मध्ये त्यात काडेपेट्याही आल्या. शंभर काड्यांपर्यंत १ सेंट. औषधाचं किमतीवर ठरायचं, २५ सेंटपर्यंतच्या बाटलीला १ सेंट, ५० पर्यंत २, ७५ पर्यंत ३ आणि एक डॉलरपर्यंत ४. टॅक्स भरला याचा पुरावा म्हणजे पाकिटावर चिकटवलेला स्टॅम्प. यात गंमत अशी की कंपनीला हवं असेल तर स्वतःच्या खर्चाने स्वतःचं डिझाइन कोरून घेता यायचं, आणि एका वेळी ५० डॉलरच्या वर स्टॅम्प घेतले तर ५ टक्के, ५०० च्या वर घेतले तर १० टक्के सूट. म्हणजे फुकटची जाहिरात वर सवलत, मोठ्या कंपन्या कशाला सोडतील! यांनाच प्रायव्हेट डाय, म्हणजे कंपनीच्या खासगी ठशाचे स्टॅम्प, म्हणतात आणि आपला सगळा खेळ यांचाच आहे. ज्यांना स्वतःचा डाय परवडत नव्हता ते सरकारी ‘प्रोप्रायटरी’ लिहिलेले, जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राचे स्टॅम्प लावायचे.

प्रायव्हेट डायवर तारीख-सही टाकून तो रद्द करायची गरज नव्हती, अट एवढीच की पाकीट उघडताना स्टॅम्प फाटला पाहिजे. म्हणून बुचावरून, झाकणाच्या सांध्यावरून, काडेपेटीच्या तोंडावरून तो चिकटवायचे. आज हातात येतो तो बहुतेक घडी पडलेला, कोपरा गेलेला, मागून पातळ झालेला असतो आणि त्यात काही वाईट नाही. माझा नियम सोपा आहे, नाव आणि मधलं चित्र नीट दिसलं पाहिजे, बाकी कडेला थोडं कमी-जास्त चालतं. मात्र खास आकारात बनवलेले काही औषधी स्टॅम्प असतात, आणि काही वेळा चौकोनी स्टॅम्प कुणीतरी कात्रीने आकारात कापून ठेवलेला असतो, हे दोन वेगळे ओळखायला शिका, कापलेल्याची किंमत बरीच कमी होते.

सुरुवात कशी करायची? स्कॉट कॅटलॉगमध्ये (अमेरिकन स्टॅम्पांची नंबरवार यादी) काडेपेट्यांना आरओ, औषधांना आरएस, अत्तरांना आरटी, पत्त्यांना आरयू असे नंबर आहेत (आरपी म्हणजे डबाबंद फळं, त्यात बाल्टिमोरच्या केन्सेट कंपनीचा एकच स्टॅम्प आहे बिचारा). सगळं एकदम करायला जाऊ नका. एकतर नुसत्या काडेपेट्या घ्या, नाहीतर एका शहरातल्या कंपन्या, नाहीतर माझ्या मते सगळ्यात मजेशीर म्हणजे एकच कंपनी घेऊन तिचे स्टॅम्प सगळ्या प्रकारच्या कागदांवर जमवणं. फिलाडेल्फियाचे डॉ. जेन, पिट्सबर्गच्या हॉस्टेटरचं कडू टॉनिक, लोवेलची आयर कंपनी, काडेपेट्यांत स्विफ्ट अँड कोर्टनी, या नावांपासून सुरू करा, जोरात धंदा करणाऱ्या कंपन्या या, त्यामुळे साधे पीस मिळत राहतात.

आता कागद. खरी मजा इथे आहे आणि लोक इथेच कंटाळतात. तेच डिझाइन वर्षानुवर्षं छापलं गेलं पण कागद तीन वेळा बदलला, म्हणजे एकूण चार प्रकार. १८७१ पर्यंतचा जुना कागद, मग १८७७ पर्यंत रेशमी धाग्यांचा, मग १८७७-७८ मध्ये थोडाच काळ गुलाबी, आणि १८७८ पासून १८८३ पर्यंत वॉटरमार्कचा (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट अक्षरं). कॅटलॉगमध्ये नंबरापुढे ए, बी, सी, डी लिहितात ते हेच. एकाच स्टॅम्पच्या चार कागदांत किमतीचा फरक कधी कधी एवढा असतो की विकणाऱ्याने लिहिलेल्या अक्षरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा.

तपासायचं असं. स्टॅम्प उलटा ठेवा, चांगलं भिंग घ्या आणि बारीक रंगीत धागा दिसतो का बघा, पुढून-मागून दोन्हीकडून, कारण रेशमी कागदात धागे अगदी मोजके असतात, कधी एखादाच आणि तोही छपाईखाली लपलेला. धागा दिसला नाही म्हणून लगेच जुना कागद म्हणू नका, जुना कडक आणि करकरीत लागतो, रेशमीवाला जरा मऊ. गुलाबी ओळखायला दिवसाचा उजेड लागतो, पिवळ्या बल्बखाली प्रत्येक जुना कागद गुलाबी वाटायला लागतो, आणि शेजारी पक्का पांढरा कागद ठेवून बघितलं तर फसगत होत नाही. वॉटरमार्कसाठी काळी छोटी ट्रे आणि वॉटरमार्क फ्लुइड (वॉटरमार्क दिसावा म्हणून वापरायचं खास द्रव), त्यात स्टॅम्प पालथा टाका, यूएसआयआर (यू. एस. इंटरनल रेव्हेन्यू, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं) ही दुहेरी रेघेची मोठी अक्षरं आहेत, पण एका स्टॅम्पवर एखाद्या अक्षराचा तुकडाच येतो, नुसती एक वाकडी रेघ दिसली तरी पुरे. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ आग नको. अजून एक युक्ती म्हणजे कंपनीचा इतिहास बघा. डायमंड मॅच कंपनी १८८१ मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन झाली, म्हणजे तिच्या स्टॅम्पवर वॉटरमार्कचाच कागद अपेक्षित, कुणी दुसरं काही सांगत असेल तर सरळ प्रश्न विचारा.

तेच फ्लुइड दुरुस्ती पण पकडतं. चिकटवलेली चीर, भरलेला पातळ भाग हे ओले झाल्यावर वेगळे, बहुतेक गडद दिसतात. दुरुस्त केलेला पीस घेऊ नये असं मी म्हणत नाही, दुर्मिळ असेल तर मी पण घेतो, पण दुरुस्तीवाल्याच्याच भावाने.

बाटलीवर किंवा डब्यावर स्टॅम्प अजून चिकटलेला मिळाला तर काढायचा नाही, अजिबात नाही, तो जागच्या जागीच जास्त मोलाचा असतो. सुटा असेल आणि मागे लेबलाचा कागद चिकटलेला असेल तर थंड स्वच्छ पाण्यात ठेवा, आणि तेही आधी एका कोपऱ्यावर ओला ब्रश लावून रंग सुटतो का बघून. सुटला तर राहू द्या तसाच. वाळवायला टिपकागद आणि वर वजन, उचलायला चिमटा, ठेवायला पीव्हीसी नसलेलं पाकीट. पातळ झालेल्या पीसला हिंज (अल्बममध्ये स्टॅम्प लावायची छोटी डिंकाची पट्टी) लावू नका, काढताना उरलंसुरलं पण निघून येतं.

१ जुलै १८८३ ला हा टॅक्स गेला पण कंपन्यांना आपल्या स्टॅम्पची सवय लागलेली, ग्राहक पण तेच बघून अस्सल माल ओळखायचे, म्हणून काहींनी तसंच दिसणारं लेबल पुढेही चालू ठेवलं. नवीन माणूस इथे हमखास फसतो. इंटरनल रेव्हेन्यूचा उल्लेख आणि सेंटची किंमत दोन्ही नसतील तर तो स्टॅम्प नाही, लेबल आहे. फेकू नका, वेगळ्या पानावर लावा, पण पैसे लेबलाचेच द्या.

पुढे स्पेनशी युद्ध झालं तेव्हा १८९८ मध्ये औषधांवर टॅक्स परत आला आणि १९०१ पर्यंत राहिला, काडेपेट्या यावेळी सुटल्या. दर अपूर्णांकात, २५ सेंटच्या वस्तूला ५/८ सेंट, त्यामुळे असले विचित्र आकडे दिसले की काळ लगेच कळतो. जॉन्सन अँड जॉन्सनचा लाल ५/८ सेंटचा यातलाच आणि सहज मिळणारा, पहिला पीस म्हणून तोच घ्या हवं तर.