सोयाबीनचा तांबेरा: आधी खालचं पान उलटा, मग पंप उचला

पोळा झाला की आमच्याकडे पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सोयाबीन पिवळं पडून राहिलं, काय मारावं?" हेच वाक्य दुकानात जाऊन म्हटलं की बुरशीनाशक, कीटकनाशक आणि वर एक टॉनिक अशा तीन बाटल्या हातात पडतात. एका वर्षी मीही त्या आणल्या होत्या. नंतर झाड उभं चिरून पाहिलं, तर आत खोडमाशीची अळी.

विदर्भात पान पिवळं पडायला कारणं बरीच आहेत. येलो मोझॅक हा विषाणूचा रोग, खोडमाशी, मूळकूज, साचलेलं पाणी, आणि पीक पिकायला आलं हेही एक. तांबेरा हा मुळात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या कृष्णाकाठचा बुरशीचा रोग. आपल्याकडे दरवर्षीचा नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरात आठवडाभर झड लागली की गाफील राहू नये, कारण त्याची बी, म्हणजे बीजाणू, वाऱ्यावरून लांबचा पल्ला गाठतात.

पाहायचं कधी, कुठं, कसं

पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी फुलं लागतात, तिथून आठवड्यातून दोनदा चक्कर मारायची. धुऱ्यावरून नव्हे, वावरात शिरून. सखल जागा, झाडाची सावली पडते तो कोपरा, दव उशिरा सुकतं ती बाजू आधी पाहायची. खाली बसून अगदी जमिनीलगतची पानं तोडायची. तांबेरा खालून वर चढतो. शेंड्याच्या पानावर दिसला, तर तो वावरात कधीचाच मुक्कामाला आहे असं समजा.

पान उलटं करून उजेडात धरा. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी किंवा विटकरी फोड दिसतील, हाताला किंचित खरखरीत. पांढऱ्या कागदावर पानाची खालची बाजू घासा. तपकिरी भुकटी उतरली तर तांबेरा. जिवाणूंमुळेही असेच फोड येतात, पण त्यांच्याभोवती बहुधा पिवळं कडं असतं आणि भुकटी निघत नाही. तरी खात्री पटत नसेल तर संशयाची पानं ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक-दोन दिवस घरात ठेवा. तांबेरा असेल तर तेवढ्यात फोड फुलून येतात, भिंगातून स्वच्छ दिसतात.

कोणत्या वावराला लवकर धरतो

सगळा खेळ पानावरच्या ओलाव्याचा. पान सलग 6 तास ओलं राहिलं तरी लागण होऊ शकते, 10 ते 12 तास राहिलं तर बुरशीचं फावतं. सोबत 15 ते 28 अंश तापमान हवं. पावसाची झड, नंतर रात्रभर दव आणि दिवसभर आभाळ, म्हणजे तिचा सुकाळ. कडक ऊन पडलं की बीजाणू मरतात, म्हणून उघडीप हे फुकटचं औषध आहे. लागणीपासून साधारण नऊ-दहा दिवसांत नव्या फोडातून पुन्हा बीजाणू उडू लागतात. म्हणजे आज कागदावर भुकटी दिसली, तर लागण मागच्या आठवड्यातली.

आता आपण काय करतो ते पाहा. एकरी 30 किलो बियाणं पुरतं, पण "उगवलं नाही तर?" या धाकानं 40 किलो टाकतो. पुढे युरियाचा हात सैल सोडतो. पीक गच्च माजतं, ओळींमधली जागा मिटते, खाली ऊन-वारा पोचत नाही आणि सकाळचं दव दुपारपर्यंत टिकतं. म्हणून उगवणशक्ती घरीच तपासा, दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा, भारी जमिनीत रुंद वरंबा-सरीवर पेरा. लांबलेली पेरणीही नडते, कारण ऐन शेंगा भरताना रोग गाठतो.

वाणाचं म्हणाल तर जुना जेएस 335 तांबेऱ्याला लवकर बळी पडतो. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्राचे फुले संगम (केडीएस 726) आणि फुले किमया (केडीएस 753) बऱ्यापैकी तग धरतात. तग धरतात याचा अर्थ रोग येतच नाही असा नाही, कमी येतो. शिवाय ते थोडे उशिरा निघतात. हलक्या जमिनीत आणि पाऊस लवकर पळाला तर दाणा भरायचा राहतो. मी तरी अशा बरडावर ते टाकणार नाही.

बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं, जरूर करा, पण ती मूळकुजीसाठी. तांबेरा बियाण्यातून किंवा मातीतून येत नाही, त्यामुळे त्यावर तिचा उपयोग नाही.

फवारणी

खालच्या पानांवर पहिले फोड दिसले आणि हवा ढगाळ असेल, तर थांबू नका. हेक्साकोनाझोल 5 टक्के किंवा प्रोपिकोनाझोल 25 टक्के, यांपैकी एक बुरशीनाशक, लिटरला 1 मिली. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर औषध 200 मिली. पॉवर पंपानं पाणी कमी लागतं, पण एकरी औषध तेवढंच जायला हवं, इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. फवारा वरून शिंपडून भागत नाही, नोझल आत घालून खालची पानं भिजवावी लागतात. 15 दिवसांनी पुन्हा पाहा, गरज असेल तरच दुसरी फवारणी करा. ही दोन्ही औषधं एकाच गटातली, म्हणजे बुरशीवर एकाच पद्धतीनं काम करणारी आहेत. एकीनंतर दुसरी मारली म्हणजे औषध बदललं असं होत नाही, नुसती बाटली बदलते. शेंगांत दाणा पूर्ण भरला असेल तर पंप घरीच राहू द्या, खर्च निघणार नाही. काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही ते लेबलवर असतं, ते वाचा.

आणि तीन-चार औषधांची खिचडी करू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे हवेतच. भर दुपारी आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारायचं नाही, आणि मजूर लावला असेल तर त्यालाही हीच सोय द्यायची.

सोंगणीनंतर

ही बुरशी वाळल्या कुटारात, म्हणजे मळणीनंतरच्या भुशात, तग धरत नाही, तिला हिरवं पान लागतं. हरभऱ्यात आपोआप उगवलेली सोयाबीनची रोपं डवरताना उपटून टाका. बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेत असाल, तर त्याचीही खालची पानं तशीच उलटून पाहत जा, आणि खरिपाची पेरणी व्हायच्या आत ते वावरातून निघालेलं असू द्या.